दुसऱ्या मजल्याची खूण

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजोबा हल्ली सकाळी फिरायला का जात नाहीत. तुमचे बाबा मध्येच म्हणाले, "त्यांचे गुडघे दुखतात." गुडघे दुखतात हे खरं आहे, पण ते वीस वर्षांपासून दुखतात आणि त्यापायी त्यांनी फिरणं कधी सोडलं नव्हतं. काय झालं ते मी नीट लिहून ठेवते. त्यात माझी चूक आहे आणि ती तुम्हाला माझ्याकडूनच कळलेली बरी.

आपल्या इमारतीला तीन मजले आहेत, लिफ्ट नाही. एका मजल्यावर एकच घर. तिन्ही दारं एकाच सुतारानं केलेली, चॉकलेटी, पुढं सारखीच जाळीची दारं. आजोबांना विसरायला होऊ लागलं तेव्हा सगळ्यात आधी मजले गेले. गल्ल्या त्यांना पाठ होत्या. दूधवाला, पेपरवाला, कोपऱ्यावरचं कडुनिंबाचं झाड, सगळं जागच्या जागी होतं. जिना चढताना मात्र आपण किती चढलो हे लक्षात राहत नसे. एकदा त्यांनी पहिल्या मजल्याच्या कुलपात आपली किल्ली घालून बराच वेळ खटपट केली. तिथले निवृत्त इंजिनियर मागून जिना चढून आले.

"काय साहेब, घर नावावर करून घेताय की काय आमचं?"

आजोबाही हसले. घरी आल्यावर मात्र चपला न काढता तसेच पलंगावर बसून राहिले.

तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, त्यांना एकटं सोडत जाऊ नकोस." मी ऐकलं नाही. दिवसभर त्यांना मी सांगतच असते, गोळी घ्या, शर्ट उलटा घातलाय, जेवण झालंय तुमचं. सकाळी सातपासून पाऊण तास त्यांना कोणी काही सांगत नसे. चालून यायचं, दूध आणि पेपर घ्यायचा आणि आपल्या हातानं आपलं दार उघडायचं. त्यांचं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि तेवढं तरी टिकावं असं मला वाटत होतं.

डॉक्टर म्हणाले, दाराशी एक ठळक खूण ठेवा आणि ती हलवू नका. नावाच्या पाटीचा उपयोग नव्हता, कारण आजोबा पायरीवर नजर ठेवून चढतात आणि पाटी असते वर. खूण पायाशी हवी होती. जिन्यात ऊन येत नाही, वारा येत नाही. अशा जागी काय जगेल ते विचारायला मी फुलंब्री रस्त्यावरच्या नर्सरीत गेले. तिथल्या बाईंनी स्नेक प्लांट पुढं केलं. तलवारीसारखी उभी, जाड पानं आणि त्यांना पिवळीधमक किनार.

"हे न्या. लई चिवट हाय. मारायचं म्हणलं तरी मरत नाय."

"पाणी किती दिवसांनी?"

"इसरून जा. आठवण झाली की घाला."

"पण साधारण किती?"

"आता इसरायचं बी कॅलेंडर पायजे का तुम्हाला, बाई?"

त्या हसल्या. पण मला विसरता येत नाही, हे तुमच्या बाबांना विचारा. घरी येऊन मी इंटरनेटवर इंग्रजीत चार ठिकाणी वाचलं. चारही ठिकाणी तेच होतं, की हे झाड दुर्लक्षानं मरत नाही, काळजीनं मरतं. मी ते वहीत उतरवूनही घेतलं.

खूण लागू पडली. आजोबा दुसऱ्या मजल्यावर आले की पिवळी किनार दिसायची आणि ते थांबायचे. पानावर टिचकी मारून एसटीच्या कंडक्टरसारखं म्हणायचे, "चला, आपलं गाव आलं!" मग किल्लीचा आवाज. मी आत पोळ्या करत असे आणि तो आवाज होईपर्यंत तव्याकडे माझं लक्ष नसे. असं वर्षभर चाललं. त्या वर्षात मी तुमच्या बाबांना दोनदा म्हणाले, "बघ, जमतंय."

आता चूक सांगते. आपल्याकडे नळ आठवड्यानं येतो, कधी त्याहूनही उशिरा. नळ यायच्या दिवशी पिंपं आणि हंडे रिकामे करून घासायचे आणि ताजं पाणी भरायचं. उरलेलं शिळं पाणी मोरीत ओतायला या गावात कोणाचा हात होत नाही. ते झाडांना जातं. गच्चीतल्या तुळशीला, कढीपत्त्याला आणि मग दाराबाहेरच्या कुंडीला, दर वेळी एक तांब्या. मला माहीत होतं. वहीत लिहिलेलं होतं. तरी पाणी फेकवत नव्हतं. वरून पानं टवटवीत दिसायची, कडेनं नवी पिल्लंसुद्धा आली. त्यातलं एक मी तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेला दिलं. ती वाळूजच्या कंपनीत जाते, तिला सवड नसते. तिनंही ते आपल्या दाराबाहेरच ठेवलं. आजोबांचा दुसरा मजला आधी लागायचा, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट जिना शोभून दिसतो असं वाटलं.

पावसाळा संपत आला होता. नळाचा दिवस होता आणि आजोबा नुकतेच बाहेर पडले होते. पाणी घालण्याआधी पानांवरची धूळ पुसावी म्हणून मी फडकं घेतलं, तर सगळ्यात उंच पान हातात आलं. बुडाशी तपकिरी लगदा झाला होता आणि त्याला कुजल्याचा वास येत होता. दुसरं पान ओढलं, तेही आलं. मला वाटलं, पाऊण तास आहे. कुंडी आत नेऊन माती बदलू, एखादं मूळ तरी धड असेल, आजोबा येईपर्यंत परत जागेवर ठेवू. मागच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मी कुंडी उपडी केली. धड मूळ एकही नव्हतं. मी चिखलात बोटं घालून शोधत बसले आणि घड्याळाकडे पाहायचं राहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरची सून होती. "काकू, घाबरू नका हं. काका आमच्याकडे आलेत. मी चहा दिलाय. पण ते उठत नाहीयेत, म्हणतात माझा चष्मा कुठं ठेवलास."

मी तशीच मातीच्या हातांनी वर गेले. आजोबा तिच्या सोफ्यावर पेपर उघडून बसले होते. दुधाची पिशवी त्यांनी तिच्याच ओट्यावर ठेवली होती. मला पाहून ते उठून उभे राहिले.

"या, या. बसा ना." मग सुनेकडे वळून म्हणाले, "अगं, चहा टाक यांना. खालून आल्यात."

ती पोरगी गुणाची. तिनं खरोखर चहा टाकला आणि मी तो खरोखर प्यायले. काय करणार होते? त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे नळ आला का?" मी म्हटलं, आला. "आमच्याकडे येतोय की नाही कोण जाणे," ते म्हणाले.

शेवटी तिनंच युक्ती केली. "काका, काकूंनी आपल्याला खाली नाश्त्याला बोलावलंय, जाऊन येऊ." मग आजोबा शर्ट नीट करून, केसांवरून हात फिरवून आपल्या घरी आले. उपमा खाल्ला. छान झालाय म्हणाले. आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिले, निघायच्या तयारीत.

संध्याकाळी कामावरून आल्यावर सुनेनं आपली कुंडी खाली आणून आमच्या दाराशी ठेवली. तिचं झाड माझ्या झाडाहून चांगलं झालं होतं. "मी तर पाणीच घातलं नाही काकू, ध्यानातच राहत नाही," ती ओशाळून म्हणाली. मी कुंडी बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवून अगदी पहिल्या जागेवर आणली. रात्री तुमच्या बाबांना यातलं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबा सातला गेले. मी दाराच्या आत उभी राहिले. पावणेआठला पावलं वाजली. आमच्या मजल्यावर थांबली. बराच वेळ थांबली. मला दार उघडावंसं वाटत होतं, पण ते त्यांनीच उघडायला हवं होतं. मग पावलं वर जाऊ लागली.

ते तिसऱ्या मजल्यावरही थांबले नाहीत. तिथं आता कुंडी नव्हती. ते मला गच्चीवर सापडले, पाण्याच्या टाकीला टेकून उभे, हातात दूध आणि पेपर. ऊन चढलं होतं.

"काल इथं घर होतं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी तुमच्या बाबांना फोन केला आणि म्हणाले, तू म्हणत होतास तेच बरोबर. सुतार बोलावून दाराला आतून वर, त्यांचा हात सहज जाणार नाही अशी कडी बसवून घेतली. कुजलेल्या झाडाची वरची चार धड पानं कापून मी वाळूत लावली होती, त्यांना काही महिन्यांनी कोंब आले. नुसते हिरवे. पानापासून वाढवलं तर पिवळी किनार येत नाही, हे नंतर वाचलं. दारातलं झाड मात्र चांगलं आहे. त्याला मी महिन्यातून एकदा पाणी घालते, कधी तेही नाही. शिळं पाणी मोरीत ओतते.

आजोबा कडीवरून भांडतील असं मला वाटलं होतं. मी उत्तरंही तयार ठेवली होती. ते भांडले नाहीत. चार दिवस सकाळी सात वाजता चपला घालून, पिशवी घेऊन दारापाशी उभे राहिले आणि मी "आज नको" म्हटल्यावर "बरं" म्हणाले. पाचव्या दिवशी उभे राहिले नाहीत.