पत्रकाची कोरी बाजू

तासगावात आमच्या द्राक्ष बागायतदार मंडळाने उपग्रहावरून ढगांची चित्रं घेणारा रिसीव्हर आणला होता. बागा फुलोऱ्यात होत्या, पावसाची धास्ती होती आणि संगणकाच्या पडद्यावर एकही ढग उमटत नव्हता. संध्याकाळपर्यंत चित्र दिसलं नाही तर संच परत, असं अध्यक्षांनी बजावलं होतं. मी पुरवठादाराच्या लुटीविरुद्ध जळजळीत पत्रकही लिहून ठेवलं होतं.

दुपारी मंडळातल्या कुणीतरी बोलावलेले म्हसवडकडचे एक गृहस्थ आले. फौजेत वायरलेसवर नोकरी केलेले. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. रिसीव्हर आणि संगणक यांच्यामधली केबल सोडवली आणि तार जुळली की वाजणाऱ्या मीटरचा आवाज डोळे मिटून ऐकत एकेक तार तपासली.

"कागद हाय का रं?"

खिशात पत्रकच होतं. त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी तारांची आकृती काढली. "दोगांच्या बी बोलायच्या तारा एकमेकाला जोडल्यात. मग ऐकायचं कुनी?" मग कागद उलटून पत्रक वाचलं. "लय जोरात लिवलंयस गड्या. केबल कुनी जोडली?"

"मीच." अध्यक्ष ऐकत होते.

गृहस्थ हसले नाहीत. तारा डाखायची सोल्डर गन माझ्याच हातात दिली. "मग तूच जोड. मी धरतो."

चूक दाखवूनही माणसाला लहान न करणारा माणूस मी आमच्या सभांत पाहिला नव्हता.

तासाभराने अरबी समुद्रावरचे ढग ओळीओळीने उमटले. पत्रक मी छापलं नाही. संगणकामागच्या भिंतीवर चिकटवलं, तारांची बाजू समोर ठेवून.