ढेपेची हाक

मोठ्या भावानं लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी जोडीतला पांढरा बैल विकला. घेणारा केळापूरकडचा, शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा शौकीन. त्यानं पांढऱ्याला छकडीला जुंपून पटात पळवायला सुरुवात केली. तांबडा भावाच्या गोठ्यात एकटा उरला. किंमत दिली तर घेणारा पांढरा परत द्यायला तयार होता, आणि भावाच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

हिवाळ्यात झरीकडे पट भरला. पांढऱ्याची जोडी एका व्यापाऱ्याच्या जोडीसोबत सुटणार होती. भावानं व्यापाऱ्याशी शर्त लावली. पांढरा जिंकला तर त्याला सोडवण्याएवढे पैसे व्यापाऱ्यानं द्यायचे, हरला तर तांबडा व्यापाऱ्याचा.

मी जिनिंगमध्ये काट्यावर बसतो, मोजल्याशिवाय बोलत नाही. सकाळच्या फेऱ्यांची वेळ मी मोबाइलवर मोजली होती.

"दादा, दोन्ही जोड्यांत केसाचा फरक हाये. घरचा बैल कायले लावतं?"

"तू कापूस तोल. माह्या हातची सरकीची ढेप खाल्ली त्यानं. माहा आवाज आयकला का पयते तो."

"मंग व्यापाऱ्याचे बैल उपाशी हायेत काय?"

"तुह्या तोंडातून कधी चांगलं निंगतच नाही."

धावपट्टीच्या कडेला बांधलेल्या दोराजवळ उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "पोरगी सासरी धाडली, अन् मांगं मांगं बाप आला!" सगळे हसले. भाऊही हसला.

जोड्या सुटल्या. खरं तेच लिहितो, निम्म्यापर्यंत पांढऱ्याची जोडी पुढं होती. तिथंच दोराला टेकून भाऊ उभा होता. गोठ्यात ढेप टाकताना घालायचा तीच हाक त्यानं घातली, "ये ये ये, बाप्पा ये!"

पांढऱ्यानं कान टवकारले. मान भावाकडं वळवली आणि पाय आखडले. छकडी तिरपी झाली. छकडी हाकणारा धुरकरी ओरडत राहिला आणि व्यापाऱ्याची जोडी बाजूनं निघून गेली.

पटावर मी हेच पाहत आलो आहे. माणसं घरच्या, गावच्या बैलावर डोळे मिटून लावतात आणि हरली की धुरकऱ्याला शिव्या घालतात. भावानंही घातल्या. "इकला गेला तो धुरकरी!"

"धुरकरी नाही, दादा. तुह्या हाकेनं थांबला बैल."

 त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे पाह्यलं ना तू? इसरला नाही तो मले!"

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यानं तांबडा सोडून नेला. वहिनी दावं हातात धरून गोठ्याच्या दारात उभी होती. 

परवा भावाचा फोन आला. पुन्हा पट आहे, पांढरा पळणार आहे. या खेपेला तो गाय लावणार आहे.

"मागच्या वक्ती चूक झाली," तो म्हणाला. मला क्षणभर बरं वाटलं.

"मधात उभा राह्यलो ना, त्याले आवाज उशिरा गेला. आता जोडी सुटते तेथंच उभा राह्यतो. तू सकाळीच ये अन् माही जागा धरून ठेव."