मामांनी समोर बसून भरून घेतलेली गादी

एकवीस वर्षांच्या संसारानंतर माझी बायको मला सोडून गेली. फार लांब नाही, हॉलमधल्या दिवाणावर.

कारण आमची गादी. तिच्या मधोमध खड्डा पडला होता. लग्नानंतरची काही वर्षं आम्ही दोघं त्या खड्ड्यात घरंगळत यायचो आणि त्याला प्रेम म्हणायचो. पुढं वजनं वाढली, खड्डा खोल झाला आणि प्रेमाला जागा पुरेना. एकानं कूस बदलली की दुसऱ्याला जाग. शेवटी मंगलनं उशी काखेत मारली आणि जाहीर केलं, "ही गादी हाय तवर मी आत येणार नाय. तुम्ही आन् ती, सुखानं नांदा."

कुठलाही शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी नवी गादी घेऊन आला असता. (शहाणा म्हटलंय, नीट वाचा.) पण ती गादी साधी नव्हती. सोयगावच्या स्वतःच्या रानातला वीस किलो कापूस घालून सासऱ्यांनी ती लग्नात दिली होती. गादीवाला घरच्या अंगणात बसवला होता आणि त्यानं कापूस बदलू नये म्हणून मामा, म्हणजे सासरे, दिवसभर त्याच्यासमोर बाज टाकून बसले होते. "पापणी हलवली नाय, जावईबापू," ते सांगायचे. "गादी भरताना समोर बसावंच लागतं. नायतर चांगला कापूस जातो आन् आत चिंध्या येत्यात." हा प्रसंग मी इतक्यांदा ऐकलाय की मलाच तिथं हजर असल्यासारखं वाटतं.

मामांचा फोन आला की पहिला प्रश्न, "गादी कशी हाय?" मुलगी कशी आहे, हा दुसरा. तो कधीकधी राहून जातो. अशा माणसाला 'टाकून दिली' कसं सांगणार? मी शिक्षक आहे. रोज फुलंब्रीला मोटारसायकलवर अप-डाऊन करतो. दहावीचा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करतो. पण मामांपुढं माझ्या तोंडून 'हो मामा' सोडून दुसरा शब्द आजवर निघालेला नाही.

"अहो, बाप माझा हाय आन् मीच म्हणतीय, टाका ती," मंगल म्हणायची.

"अगं, पण त्यांच्या रानातला कापूस आहे."

"कापूस कापूस करू नका." एवढं बोलून ती तोंड फिरवून भांडी घासायला लागायची. मला वाटायचं, माहेरची आठवण येत असेल.

मी उपाय केले. गादी उलटी केली, तर खड्ड्याचा डोंगर झाला. डोकं तिकडं आणि पाय इकडं करून पाहिलं. खड्ड्यात दोन जुनी पांघरुणं भरली, तर ती माझ्या कंबरेच्या बरोबर एक वीत खाली जाऊन बसली. मे महिन्यात चार दिवस गच्चीत ऊन दाखवलं. गादी तापली, फुगली नाही. दरम्यान माझी पाठच गादीच्या आकाराची झाली. शाळेच्या आवारातून वाकून चालायला लागलो, तेव्हा सहकारी विचारायचे, "सर, काही पडलंय का?" मी कंबरेला पट्टा बांधला. मंगल अकरा महिने हॉलमध्ये होती आणि मला तिची फार सवय होती, हे कबूल करायला लाज वाटत नाही. माणूस पन्नाशीत एकटा झोपायला लागला की घर परकं वाटतं.

शेवटी मधला मार्ग काढला. शहरातल्या शहागंज बाजारात नेऊन कापूस पिंजून घ्यायचा आणि पुन्हा भरायचा. मामा खूश, मंगल आत, माझी पाठ सरळ. मामांना बेत कळवला, तर त्यांचा लगेच फोन, "समोर बसा. नजर हलवू नका."

"हो मामा," मी म्हणालो.

किरकोळ रजा टाकली. गादी लोडिंग रिक्षात घातली आणि युसूफभाई पिंजाऱ्यांच्या दुकानात त्यांच्यासमोर स्टूल ठेवून बसलो. पाणीसुद्धा प्यायलो नाही, कारण पिताना मान वर करावी लागते. युसूफभाईंनी खोळ उसवली, आत हात घातला आणि थांबले.

"साब, ये किसने भरवाया?"

"एकवीस वर्षांपूर्वी, आमच्या सासऱ्यांनी. समोर बसून."

"सो गए होंगे."

त्यांनी आतला माल बाहेर ओढला. वर दोन बोटं कापूस, खाली दोन बोटं कापूस. मधे चिंध्या, गोणपाटाचे तुकडे, सुतळी आणि अर्धा पायजमा. पायजम्याला नाडीसुद्धा होती. युसूफभाईंनी ती नाडी अदबीनं माझ्या हातात दिली. "इक्कीस साल इसपे सोये? बड़ा जिगर है साब. हम ये पिंजते नई. मशीन मर जाती."

खरं तर मी तिथंच नाचायला हवं होतं. मामांचा कापूसच नाही, तर जपायचं काय? शेजारच्याच दुकानात फोमच्या गाद्या उभ्या करून ठेवल्या होत्या. उशी काखेत मारून परत येणारी मंगल मला स्पष्ट दिसायला लागली. तेवढ्यात फोन वाजला.

"कसा निघाला कापूस?" मामांनी विचारलं.

सांगायचं होतं. पण त्या आवाजात असा काही अभिमान होता की कापूस नव्हता म्हणणं म्हणजे 'मामा, तुम्ही झोपला होतात' असं तोंडावर म्हणणं. माझ्या तोंडून निघालं, "पांढराशुभ्र, मामा. कालच वेचल्यासारखा."

"मंग? सांगत नव्हतो? रविवारी येतो. जरा पाठ टेकून बघतो."

झालं! रविवारी मामांना गादी दाखवायला तर हवी. मी युसूफभाईंना म्हणालो, "न पिंजता जे आहे तेच भरा. खोळ तेवढी नवी घाला."

त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. "साब, घर में सब खैरियत है ना?"

गादी घरी आली. मंगलनं दारातूनच पाहिलं. मी तिला सगळं खरं सांगितलं, नाडीसकट. तिनं डोक्याला हात लावला नाही, की हसली नाही. दिवाणावर बसली आणि म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"आण्णा झोपले व्हते. मी चहा घेऊन गेले तर बाजंवर घोरत व्हते. आन् गादीवाला कापसाचं पोतं बांधून गेलेला. लग्न चार दिवसांवर. कुणाला काय सांगू?"

"मग एकवीस वर्षं मला का नाही सांगितलंस?"

"बापाचं कसं सांगू? तुम्हालाच त्यांचं लई कौतुक."

एवढी वर्षं ही बाई बापाची लाज राखायला चिंध्यांवर झोपली होती. मला तिचं फार वाईट वाटलं. माझंही वाटलं, जरा जास्तच.

रविवारी मामा आले. भरीत-भाकरी जेवले आणि आत जाऊन गादीवर आडवे झाले. आम्ही दोघं दाराशी उभे. अर्ध्या तासानं आतून बारीक आवाज आला, "मंगल, मला उठव."

दोघांनी धरून उठवलं. मामांनी गादी मुठीनं दाबली. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. मग माझ्याकडं पाहिलं.

"जावईबापू, समोर बसला व्हता?"

"हो मामा."

"सगळा वेळ?"

"हो मामा."

"झोप लागली असंल तुम्हाला. कापूस बदलला त्यानं."

मी मंगलकडं पाहिलं. मंगलनं फरशीकडं पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "व्हय आण्णा. ह्यांना बसल्याजागी झोप लागती."

मामांनी पायात चपला सरकवल्या. जाताना एवढंच म्हणाले, "टाकून द्या ती. फोमची आणा. तुमच्या हातात कापूस द्यायची सोय नाय." आता सोयगावात सासुरवाडीच्या कुठल्याही कार्याला गेलो की लोक मला दाखवून कुजबुजतात, हेच ते, वीस किलो कापूस झोपेत घालवणारे.

त्याच रविवारी संध्याकाळपर्यंत फोमची गादी आली आणि मंगल शब्दाला जागून उशी घेऊन आत आली. मी सुखात होतो. ते सुख एक रात्र टिकलं. दुसऱ्या सकाळी मोटारसायकलला किक मारताना पाठ जी अडकली ती अडकलीच. हाडांच्या डॉक्टरांनी पाठीवर बोटं फिरवली आणि विचारलं, "इतकी वर्षं कशावर झोपत होता?" मी नाडीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठीवर औषध लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढून एक सूचना, सहा महिने गादी बंद.

मंगल आता नव्या गादीवर झोपते, मधोमध. मी तिच्या पलंगाशेजारी फरशीवर सतरंजी टाकून पडतो. मामांचा फोन आला की ती वरून सांगते, "गादी लई भारी हाय, आण्णा."

आणि मी खालून म्हणतो, "हो मामा."