‘निसर्गी कृपा’ आणि चाकणचा रस्ता

मी एका माणसाच्या पुस्तकातून देव काढून टाकला, तोही त्याला न विचारता. पिंपरी-चाकणच्या प्रवासाची हकीकत सांगायची तर इथूनच सुरुवात करायला हवी. नाहीतर भर उन्हाळ्यात सांगलीचा माणूस कारखाने आणि ट्रकांच्या रांगा बघायला कशाला जाईल?

त्या माणसाचं नाव थॉमस साळवे. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. पुढे तो फ्रान्सिस्कन ब्रदर (गरिबीचं व्रत घेऊन राहणारा ख्रिस्ती संन्यासी) झाला आणि मी विज्ञानाच्या पुस्तिका छापणारा लहानसा प्रकाशक. तीन वर्षांपूर्वी त्याने मला एक हस्तलिखित दिलं. विषय होता तेराव्या शतकातले त्याच्याच पंथाचे विद्वान. अंगात जाडाभरडा झगा, कमरेला दोरी, आणि डोक्यात सतत प्रकाशाचा विचार. अरबी विद्वानांचे ग्रंथ लॅटिन भाषांतरातून वाचून या लोकांनी आरसा, भिंग, इंद्रधनुष्य आणि डोळा यांवर लिहिलं. काचेच्या गोलाचा काप अक्षरांवर ठेवला तर म्हाताऱ्यांनाही वाचता येईल, असं एकाने लिहून ठेवलं. दुसऱ्याचं पाठ्यपुस्तक युरोपातल्या विद्यापीठांत कित्येक पिढ्या शिकवलं गेलं.

पण त्यांना प्रकाश हवा होता तो देवासाठी. ईश्वराने सर्वांत आधी प्रकाश निर्माण केला, तेव्हा प्रकाश कसा पसरतो हे कळलं की सृष्टी कशी चालते हे कळेल, आणि कृपा माणसापर्यंत कशी पोचते याचाही अंदाज येईल, असा त्यांचा विचार. मला धास्ती वाटली. आयुष्यभर व्यासपीठांवरून बुवाबाजीविरुद्ध बोललो, आता आपले वाचक हसतील, म्हणतील हा कीर्तनं छापायला लागला. मग एका दुपारी मी संगणकाला सांगितलं, ‘ईश्वर’ दिसेल तिथे ‘निसर्ग’ घाल. क्षणात झालं. विभक्तीसुद्धा बिनबोभाट जुळली: ईश्वराने, निसर्गाने; ईश्वराला, निसर्गाला. ‘परमेश्वर’ तेवढा वाचला, कारण संगणकाला संधी सोडवता येत नाही. तो मी हाताने शोधून काढला. अख्खं नववं प्रकरण गाळलं. थॉमसला पुस्तक दिसलं ते थेट प्रकाशनाच्या दिवशी.

त्या सभेत एका वृद्ध बाईंनी त्याला विचारलं, “ब्रदर, या लोकांचा देव कुठे गेला?” थॉमसने पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “जागा कमी पडली.” लोक हसले. मी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर त्याने मला ना फोन केला, ना पुढचं काही लिहिलं. आता पुस्तक संपलं होतं आणि दुसरी आवृत्ती काढायची होती. मूळ हस्तलिखित पिशवीत घालून मी निघालो.

पुण्याला उतरून लोणावळ्याकडे जाणारी लोकल धरली आणि सकाळी पिंपरीला पोचलो. तिथून थेट दिघीला, थॉमस राहायचा तिथे, जाता आलं असतं, पण पाय उचलेना. म्हणून पिंपरी कॅम्पात शिरलो. दुकानांची शटरं वर जात होती. कपड्यांचे गठ्ठे, प्लॅस्टिकच्या बादल्या, फुगे यांच्यामधून वाट काढत एका सिंधी माणसाच्या गाडीपाशी थांबलो आणि दाल-पकवान (मैद्याची कडक तळलेली पुरी आणि वर हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा) मागवलं.

“पहिल्यांदा खाताय का?” गाडीवाल्याने विचारलं. पकवान मोडताना माझ्या शर्टावर डाळ सांडली होती.

“हो.”

“मग बरोबर आहे. पहिल्यांदा सगळे अंगावरच घेतात.”

शर्ट धुतला, चहा घेतला, आणखी एक चहा घेतला. शेवटी गाडीवाल्यानेच भोसरीची बस दाखवली. ‘आता जा बाबा’ असंच त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

भोसरीहून दिघी. एका बाजूला घरांची दाटी, दुसऱ्या बाजूला लष्कराच्या जमिनीची लांबच लांब भिंत आणि तिच्या पलीकडे एकदम शांत झाडी. ब्रदर लोकांचं घर म्हणजे एक साधं बैठं घर. दारात एक तिशीतली बाई मोटारीत खोकी चढवत होती.

“ब्रदर साळवे सकाळीच चाकणला गेले, काका. कांद्याच्या बाजारात ट्रकवाल्यांचं डोळे तपासणी शिबिर आहे. मीही तिकडेच निघालेय, बसा.” मग हात पुसत ती म्हणाली, “मी सुजाता. एका दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. सुट्टी असली की ब्रदरांच्या शिबिराला जाते.”

मी नुसता ‘जुना मित्र’ एवढंच म्हणालो.

वाटेत ती मोकळेपणाने बोलत होती. वडील कारखान्यात होते, तिचा जन्म पिंपरीतला, घर बौद्ध. मोशीच्या पुढे रस्ता ट्रकांनी आणि कंपन्यांच्या बसनी तुंबला. तेव्हा तिने विचारलं, “तुम्ही ब्रदरांचं पुस्तक वाचलंय?”

“वाचलंय.”

“मग मला एक सांगा, ‘निसर्गी कृपा’ म्हणजे काय हो? कुठलं मराठी हे? मी चार जणांना विचारलं.”

‘ईश्वरी’चं ‘निसर्गी’ झालेलं माझ्या नजरेतून सुटलं होतं. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

“मला देवाची गरज नाही,” ती म्हणाली, “आमच्या घरात तो विषयच नाही. पण त्या लोकांना होती ना? त्याच्यासाठी तर आकाशाकडे डोळे लावून बसले बिचारे! आणि ब्रदर रोज पहाटे प्रार्थना करणारा माणूस, पुस्तक लिहायची वेळ आली तर देव लपवून ठेवला. मी तोंडावर म्हटलं त्यांना, ब्रदर, तुम्ही घाबरलात. नुसते हसले.”

मोटार इंचाइंचाने पुढे सरकत होती. एक वाक्य बोलायला त्या कोंडीत भरपूर वेळ होता. मी बोललो नाही. उलट म्हणालो, “गर्दी फारच आहे नाही इथे?”

“रोजचंच आहे,” ती म्हणाली.

चाकणच्या बाजारात शिरलं की आधी वास येतो आणि मग कांदा दिसतो. गोण्यांच्या थप्प्या, मोकळे ढीग, पायाखाली उडणारी गुलाबी सालपटं. एका शेडखाली टेबल मांडलं होतं आणि तिथे थॉमस उभा होता. केस पांढरे झालेले, अंगात झग्याऐवजी अर्ध्या बाह्यांचा चौकड्यांचा शर्ट.

त्याने मला पाहिलं. मग म्हणाला, “विन्या, आलास तसा कामाला लाग. तो तक्ता धर.”

समोर बीडकडचे एक ट्रकचालक बसले होते, बाबूराव नावाचे. मी बारीक अक्षरांचा तक्ता त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, आणखी लांब धरला, मान मागे नेली.

“दिसतंय का?” सुजाताने विचारलं.

“अक्षर बरोबर हाय मॅडम,” बाबूराव म्हणाले, “हात आखूड पडायलाय.”

रांगेत हशा पिकला. सुजाताने दीड नंबरचा चष्मा चढवला तसे ते घडाघडा वाचू लागले. थांबायलाच तयार नव्हते. तक्ता संपला तेव्हा टेबलावरच्या गोळ्यांच्या पाकिटावरचा मजकूर वाचून दाखवला.

“लांबचं दिसतं ना नीट? गाडी चालवताना?” थॉमसने विचारलं.

“लांबचं झकास. फकस्त आरशाचा घोळ. मागची गाडी आरशात लांब वाटती बघा, आन् असती जवळच. नवीन माणूस फसतो.”

थॉमसने माझ्याकडे पाहिलं. “विन्या,” तो हळूच म्हणाला, “नववं प्रकरण.”

मी ओळखलं. त्या विद्वानांपैकी एकाने पाहण्याचे तीन प्रकार सांगितले होते: सरळ, काचेतून किंवा पाण्यातून वाकून आलेलं आणि आरशातून परत आलेलं. देवाचं दर्शनही असंच, आणि या जन्मात माणसाला मिळतं ते आरशातलं, सगळ्यांत अंधुक, असं त्याने मांडलं होतं. थॉमसला हे प्रकरण सर्वांत प्रिय होतं. प्रकाशशास्त्र आणि धर्मविचार एका धाग्यात ओवले गेले होते ते तिथेच. आणि मी त्याची पानं गठ्ठा करून बाजूला टाकली होती.

त्या गोंधळात मी मागे सरकलो आणि चष्म्यांची खोकी पाडली. सगळे नंबर एकमेकांत मिसळले. नंबर लिहिलेला होता खोक्यांवर, चष्म्यांवर काहीच नाही.

“अहो काका!” सुजाता ओरडली. “आणि नंबर मोजायचं यंत्र दवाखान्यात!”

“ऊन आहे की,” थॉमस म्हणाला.

आम्ही दोघं शेडच्या बाहेर एका रिकाम्या गोणपाटापाशी बसलो. तो चष्मा उन्हात धरायचा आणि वर-खाली करायचा. गोणपाटावरचा उजेड आकसत आकसत एक टोकदार ठिपका झाला की मी पट्टीने अंतर मोजायचं. एक नंबरचा ठिपका मीटरभर लांब पडतो, दोन नंबरचा अर्ध्या मीटरवर. नंबर जास्त तेवढा ठिपका जवळ. बघताना छान वाटत होतं. एवढा अवाढव्य सूर्य, आणि तो असा निमूटपणे गोणपाटावर येऊन बसत होता. हे करणाऱ्या माणसांना देव आठवला यात हसण्यासारखं काय होतं, असा विचार मनात आला. माझा विश्वास बसला असं नाही. पण ज्याला मी भाबडेपणा समजत होतो, त्याच्याचमुळे ती माणसं हातात भिंग घेऊन उन्हात बसली होती.

“दोन,” मी म्हणालो.

“दोन,” त्याने चष्मा खोक्यात टाकला.

“थॉमस, त्या पुस्तकाच्या बाबतीत माझं काही चुकलं असेल तर...”

“असेल तर?” त्याने पुढचा चष्मा उचलला. “म्हणजे अजून नक्की नाही?”

तो चिडला नव्हता. पण माझं वाक्य मलाच ऐकू आलं. लग्नाच्या मांडवात, निरोपाच्या भाषणात, सगळीकडे आपण हेच म्हणतो, काही चुकलं असेल तर माफ करा. म्हणणाऱ्याला काही आठवावं लागत नाही, ऐकणाऱ्याला काही बोलता येत नाही.

“पट्टी धर नीट,” तो म्हणाला. “हा दीड असणार.”

दीडच होता.

दुपारी आडतदाराने सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी आणि फोडलेला कांदा पाठवला. गोण्यांना टेकून जेवताना मी पिशवीतलं हस्तलिखित काढून थॉमसपुढे ठेवलं. दुसरी आवृत्ती मूळ मजकुरासह, नवव्या प्रकरणासह काढणार, असं सांगितलं. त्याने हात धुऊन, पुसून पानं उलटली. एका पानावर बराच वेळ थांबला.

“इथे इंद्रधनुष्यावर अजून लिहायला हवं होतं,” तो म्हणाला. “मला आता जास्त समजलंय.”

“मग लिही.”

“बघू.” पण पानं परत दिली नाहीत, मांडीखाली सरकवली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून असेल. मला तरी ते बरं लक्षण वाटलं.

संध्याकाळी परत निघालो. सुजाता गाडी चालवत होती, थॉमस तिच्या शेजारी, मी मागे रिकाम्या खोक्यांमध्ये. मोशीच्या अलीकडे रस्ता पुन्हा तुंबला. कारखान्यांची शिफ्ट सुटली होती. समोर लाल दिव्यांची न संपणारी रांग.

सुजाताने गाडी बंद केली आणि थॉमसच्या मांडीवरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. “दुसरी आवृत्ती का ब्रदर? या वेळी तरी देवाला आत घ्या. का पुन्हा पुस्तक न खपायची भीती?”

थॉमस हसला. “अगं, जागा कमी पडली होती तेव्हा.”

तेच वाक्य, आणि तसंच सहज. म्हणजे दोन वर्षं हा माणूस दिघीत, चाकणला, आपल्या माणसांमध्ये, जो जो विचारेल त्याला हेच सांगत आला होता आणि भित्रा ठरत आला होता. मी आणलेल्या हस्तलिखिताने पुस्तक दुरुस्त होणार होतं. थॉमसचं नाव त्याने दुरुस्त होणार नव्हतं. दिवसभर मी त्याच्याशी एकट्याने बोलायची वेळ शोधत होतो. पण जिच्यासमोर तो भित्रा ठरला होता, तिच्यासमोरच बोलायला हवं होतं.

“सुजाता,” मी म्हणालो, “जागा भरपूर होती. ब्रदरांनी पानापानावर देव लिहिला होता. त्या पुस्तकाचा प्रकाशक मी आहे. मी काढला तो.”

तिने मान वळवली. “तुम्ही? आणि सकाळपासून मला गर्दी दाखवताय?”

“राहू दे विन्या,” थॉमस म्हणाला.

“नाही, राहू द्यायचं नाही. ती ‘निसर्गी कृपा’ माझी. हे माझ्या नावासकट नव्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर छापणार आहे.”

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. पुढे हातभरही जागा नव्हती. सुजाताचे हात स्टिअरिंगवरच होते. थॉमस समोर बघत होता, पण त्याने गठ्ठा दोन्ही हातांनी धरला होता. मी दोन सीटांच्या मधून पुढे वाकलो.

“थॉमस, तुला न विचारता मी तुझा देव काढला, कारण लोक मला हसतील अशी भीती होती. तू भर सभेत माझ्यावर पांघरूण घातलंस आणि मी टाळ्या वाजवत बसलो. तू घाबरला नव्हतास, मी घाबरलो होतो. मी चुकलो. मला माफ कर.”