सावनेर रोडवरची थरथर

पुण्याहून निघाले ती गाडी आणायला. नागपूरला नंदनवनात माझी कुसुममावशी एकटी राहते. सत्तरी ओलांडलेली, निवृत्त शिक्षिका, आणि गेली कित्येक वर्षं स्वतःची गाडी स्वतः हाकणारी. दिवाळीत तिचा मुलगा प्रशांत बेंगळुरूहून आला होता. सावनेर रोडवर त्याला आईचे हात स्टिअरिंगवर थरथरताना दिसले आणि त्यानं तिथल्या तिथे फर्मान काढलं, गाडी बंद. प्रशांतला गाडी चालवता येत नाही, मतं मात्र तो भरधाव चालवतो. गाडी मी पुण्याला न्यावी, असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

एप्रिलात नागपूरला जाणाऱ्याची कीव कुणी करत नाही. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि उन्हानं कानशिलात दिली. घरी मावशीनं तर्रीपोहे केले होते, वर सांबार पेरलेला (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इडली शोधत होते). पोहे फर्मास होते, पण चहा तिनं गाळला नाही. “तूच गाळ वं,” म्हणाली, आणि अर्धाच कप घेतला, तोही दोन्ही हातांनी धरून. दारापुढे रोज रांगोळी घालणारी ही बाई. दारात रांगोळी नव्हती.

आजीला, म्हणजे तिच्या आईला, कंपवात होता. शेवटी तर घास भरवावा लागायचा. मावशीनं स्वतःसाठीही तेच धरून ठेवलं होतं. डॉक्टरनं तपासून काही नाही म्हणून सांगितलं, तर तिच्या मते अजून त्याला दिसत नव्हतं, इतकंच. गाडीचं तिला फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं सुमनबाईंचं. दोघी सावनेरच्या शाळेत एकत्र शिकवायच्या, सुमनबाई अजून तिथेच राहतात. सुमनबाईंना आता कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच ऐकू येतं, मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत, त्यामुळे समोर जाऊन बसणं हाच त्यांचा फोन. मावशीचे गुडघे बसच्या पायऱ्या चढू देत नाहीत. दिवाळीपासून भेट नव्हती.

पुण्याचा पल्ला मोठा, म्हणून आधी गाडी हायवेवर पळवून बघू म्हटलं. मावशीनं मी न विचारताच सावनेरची दिशा दाखवली. तिथवर जाऊन भेटूच या, म्हटलं, तर मान हलवली. दुसऱ्यानं गाडीतून उतरवलेली मी सुमनला नाही दिसणार, म्हणे. हट्टी तर हट्टी.

शहरातल्या सिमेंट रोडवर गाडी गुणी पोरासारखी चालली. गल्लीतल्या मेकॅनिकनं दिवाळीनंतर एक चक्कर मारून “गाडीत काहीच नाही” म्हटलं होतं, ते मला पटलं. कोराडी मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना उघडी शेतं, बांधावर पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) रचलेल्या. मी वेग वाढवला. काटा ऐंशीकडे गेला आणि माझ्या तळहातांत मुंग्या आल्यासारखं झालं. स्टिअरिंग थरथरत होतं. घट्ट धरलं तर थरथर कोपरापर्यंत चढली.

मावशी बाहेर बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती.

“तुह्येही हात हालून राहिले वं,” ती हळूच म्हणाली.

हात नाही गं, चाक हलतंय, मी म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलेच. पण मी तिचं मन राखायला मुद्दाम हात हलवतेय, असं तिला वाटलं! अशा माणसाला काय करायचं? रस्त्याकडेच्या टपरीवर उसाचा रस प्यायलो आणि मी गाडी वळवली, थेट रिंगरोडवरच्या टायरच्या दुकानात.

दुकानदार इरफानभाई. आवाज मोठा, आत्मविश्वास त्याहून मोठा. चाकं काढून मशीनवर फिरवली, शिशाचे तुकडे ठोकून तोल साधला आणि म्हणाले, “ताई, मक्खन झाली गाडी.” पुन्हा सावनेर रोड, पुन्हा ऐंशी, पुन्हा तीच थरथर. मावशी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “पाह्य. टायरवालाही म्हणते गाडी बरोबर आहे. मंग उरलं कोण?”

मला त्या ‘मक्खन’चा असा राग आला की मी परत जाऊन इरफानभाईंना गाडीतच बसवलं. मावशी मागच्या सीटवर गेली. आधी ते रस्त्याला नावं ठेवत होते, मग स्टिअरिंग त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली आला. दुकानात येऊन त्यांनी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली. खोड टायरात असेल तर आता ती मागे जाईल, म्हणाले.

पुन्हा तोच रस्ता. यावेळी मी चालवत होते, आणि ऐंशीला स्टिअरिंग एकदम शांत. मी काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

“आता माह्या सीटखालून येऊन राहिली! बुडाले लागून राहिली वं!”

आरशात बघितलं तर मावशी दोन्ही हात समोर धरून त्या हातांकडेच बघत होती आणि हसत होती, आणि हसता हसता रडत होती. मीही रडले. इरफानभाई बिचारे समोर बघत राहिले.

दुकानात चाक उचलून फिरवलं तेव्हा ते गोल फिरतच नव्हतं. एका जागी टायरला पोट आलं होतं. मावशी मागच्या उन्हाळ्यात प्रशांतकडे राहायला गेली, तेव्हा गाडी महिनोन् महिने उन्हात उभी होती. हवा उतरली, आल्यावर तशीच पळवली, आणि टायरच्या आतली पोलादी तार सरकली. वजनं ठोकून तोल साधतो, आकार कसा साधणार? ते टायर बदललं आणि मावशीनं माझ्याकडे हात पुढे केला, किल्लीसाठी.

सावनेरला तिनं गाडी नेली. सुमनबाई ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. मावशी ड्रायव्हरच्या बाजूनं उतरली, तरी त्या नुसत्या बघत राहिल्या. मग उठल्या, जवळ येऊन मावशीचा दंड चाचपला, गाल चाचपला.

“मले वाटलं तू गेली,” त्या म्हणाल्या. “अन् पोरं मले सांगून नाही राहिले.”

सून मला आत नेऊन सांगत होती. मागे सुमनबाईंचे भाऊ वारले, तेव्हा तब्येतीला जपून घरच्यांनी त्यांना तेरवी (तेरावा) झाल्यावर सांगितलं होतं. मावशी येईनाशी झाल्यावर मुलांनी कितीदा समजावलं, त्यांचा विश्वासच बसला नाही. बाहेर मावशी त्यांच्या कानाशी टायरची सगळी हकिगत ओरडून सांगत होती. अख्ख्या गल्लीला कळली.

मी रेल्वेनं परत आले. खिडकीतून विदर्भ मागे जात होता आणि माझ्या डोक्यात त्या दोघी. एक स्वतःच्या हातांना घाबरून घरात बसलेली, दुसरी जिवंत मैत्रिणीचं सुतक मनात धरून बसलेली, आणि कारण काय, तर टायरला आलेलं पोट. दोघींनाही घरच्यांनी जपलंच होतं. वर्ध्याच्या पुढे प्रशांतचा फोन आला. गाडी का आणली नाही, टायरचं काय झालं, सगळं विचारलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, “पण खरं सांग, आईचे हात कसे आहेत?”

मी म्हटलं, “तिलाच विचार की रे. तिला ऐकू येतं.”