कोलंबोला गेलेली ज्वारी

मद्रास मेलने सोलापूर सोडलं तेव्हा मी ट्रंकेवर पाय ठेवून बसलो होतो. ट्रंकेत माझी ज्वारी होती; कणसं नव्हेत, तिच्या नोंदी. कमी पाण्यावर येणारी ही जात मी आमच्या शेतकी केंद्रात हंगामामागून हंगाम निवडून काढली होती. कोलंबोच्या आंतरराष्ट्रीय सभेत ती पसंत पडली, तर केंद्राचे साहेब तिचं बियाणं मोहोळ-वैरागच्या कोरडवाहू गावांत वाटणार होते. जातीला नावही मी ठरवून ठेवलं होतं. ते अर्थातच माझं होतं.

नोंदींची युक्तीही माझीच. एका झाडाला एक पुठ्ठ्याचा पत्ता, एका गुणाला एक भोक. झाडात तो गुण असला की भोक कडेपर्यंत कापायचं. मग गठ्ठ्यात सुई घालून उचललं की गुणी झाडांचे पत्ते आपोआप खाली पडतात. भवानी पेठेतले नरसप्पा मागावरच्या नक्षीसाठी भोकं पाडलेले पुठ्ठे करतात. त्यांनीच माझ्या खुणांवरून पत्ते कापून, पुडकं बांधून दिलं होतं.

बोटीवर चढण्याआधी मंडपमला सिलोनचे अधिकारी सामान तपासतात. पत्त्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. सगळा संशय माझ्या कडक भाकरीवर. एकाने टिचकी मारली, वास घेतला, हे कौल आहे का म्हणून विचारलं. मी शेंगाचटणी लावून तुकडा दिला. डोळ्यांत पाणी आणून त्याने मला सोडलं.

कोलंबोत जिकडेतिकडे हिरवं. इतकं हिरवं पाहून सोलापूरकराला थोडा रागच येतो. न्याहारीला इंदिआप्पा (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया) आणि त्यावर नारळाचा रस्सा. वाढणारा ओततच राहिला.

सभेत माझी पाळी आली. पुडकं सोडून पाहतो तो नरसप्पांनी सगळे पत्ते झाडांच्या शेतातल्या क्रमाने दोऱ्यात ओवलेले, मागावर चढवायचे असतात तसे. सुई घालून उचललं. एकही झाड पडेना. सभा हसू लागली. मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की सोलापूरची पद्धत हीच, यात गैरसोयीचं झाड कोणाला हळूच गाळता येत नाही. हसू एकदम थांबलं. बऱ्याच जणांना काहीतरी आठवलं असावं.

जावाहून आलेल्या एक डच बाई उठल्या. माळेचं एक टोक माझ्या हाती देऊन दुसरं त्यांनी पार भिंतीपर्यंत नेलं. अख्खं शेत उलगडलं. कापलेल्या कडा, म्हणजे माझी सगळी गुणी झाडं, बाईंच्या बाजूला दाटली होती.

“या टोकाला शेतात काय आहे?” त्यांनी विचारलं.

“विहीर,” मी म्हणालो.

कमी पाण्याची माझी ज्वारी इतके हंगाम विहिरीचा पाझर पीत होती. सुट्या पत्त्यांत हे कधीच दिसलं नसतं. पद्धतीला टाळ्या मात्र भरपूर पडल्या. एका जपानी प्राध्यापकांनी तर नमुन्याचा पत्ता मागून घेतला. मी हसून वाकत होतो आणि मला रडू येत होतं.

परतीच्या गाडीत सारखं मनात येत होतं की ज्या शेतात रोज फिरतो, ते पाहायला मला समुद्र ओलांडावा लागला. बियाणं वाटू नका, हे आता साहेबांना मीच सांगायचं होतं.

सोलापूर स्टेशनवर नरसप्पा हजर. मी रागवायचं ठरवून उतरलो होतो.

“सुटे पत्ते कुटं बी हरवत्यात की साहेब, म्हणून लई घट्ट ओवले. तितं पसंत पडलं का न्हाय?”

“पडलं,” मी म्हणालो. “ज्वारी मात्र पहिल्यापासून पेरायची आहे, विहिरीपासून लांब. नवे पत्ते लागतील.”

ट्रंक त्यांच्या हाती देताना म्हणालो, “ओवूनच द्या.”