क्युबाचा सिगार

परवा एका लग्नात कुणीतरी सिगार पेटवला आणि मला कराडजवळचं सासरचं अंगण आठवलं. सत्तरच्या दशकात क्युबाचे पाहुणे आमचा साखर कारखाना बघायला आले होते. जेवणानंतर त्यांच्यातल्या एकाने माझ्या सासऱ्यांपुढे, म्हणजे कारखान्याच्या चेअरमनपुढे, सिगार धरला. पन्नाशीचे सासरे परसात लपून बिड्या ओढायचे, पण समोर त्यांचे वडील बसलेले. सासऱ्यांनी हात जोडले. आपल्या देशाची भेट नाकारली असं वाटून पाहुण्याचा चेहरा पडला, दुभाष्याला घाम फुटला. "ओढ रं, दोन देशांचा प्रश्न हाय," म्हणत आजेसासरे पाठ फिरवून बसले. सासऱ्यांनी मान खाली घालून झुरका मारला. तेवढ्यात पाठमोरा आवाज आला, "धूर जरा इकडं सोड की." दोन देशांची मैत्री म्हटलं की मला अजून ती पाठच दिसते, हळूहळू धुराकडं सरकणारी.